अपाचे २.२ अजून चालू आहे: हात लावावा की नको?

शाईचा_डाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेची साइट नुकतीच माझ्याकडे आली. आधी सांभाळणारे काका निवृत्त झाले आणि जाताना पासवर्डांची वही हातात देऊन गेले. आत शिरून बघितलं तर ऑपरेटिंग सिस्टम सेंटओएस ६ (लिनक्सचा एक प्रकार), वेबसर्व्हर अपाचे २.२.१५, साइटचा कोड पीएचपी ५.३.३ मध्ये आणि डेटाबेस मायएसक्यूएल ५.१. साइटवर तीन गोष्टी आहेत: आमच्या नियतकालिकाचे जुने अंक (सगळा मजकूर मराठी), सभासदांचं लॉगिन आणि चौकशीचा फॉर्म.

बिघडलेलं काहीच नाही. पानं पटकन उघडतात, लोड नगण्य, कुणाची तक्रार नाही. कार्यकारिणी म्हणते, "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही, कारण काही मोडलं तर सावरणारा मी एकटाच. पण सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्या मशीनवर पडून आहेत आणि मशीन थेट इंटरनेटला जोडलेलं आहे. हे मला स्वस्थ बसू देत नाही.

ज्यांनी असा जुना वेबसर्व्हर हलवलाय, किंवा विचार करून तसाच ठेवलाय, त्यांनी सांगा: अपग्रेड करावं का? केलंच तर नुसता अपाचे २.४ वर नेऊन भागतं, की सगळंच उपसावं लागतं?

रात्रपाळी

सेंटओएस ६ ची मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली. अपाचेवाल्यांनी २.२ ची शाखा त्याच्याही आधी, २०१७ मध्ये २.२.३४ काढून बंद केली. म्हणजे दुरुस्त्या ना मूळ प्रकल्पाकडून येणार, ना डिस्ट्रोकडून, म्हणजे सेंटओएसकडून. 'करावं का' यावर वेळ घालवू नका, 'कसं' यावर बोलू.

जुनाजाणता

रात्रपाळी, इतकी घाई नको. दुसरी बाजू मांडणारं सहसा कुणी नसतं, म्हणून मी मांडतो.

ऑक्टोबर २०२१ आठवतोय? अपाचेत पाथ ट्रॅव्हर्सलचं (पत्त्यात फेरफार करून साइटबाहेरच्या फाइली वाचण्याचं) मोठं भोक निघालं, सीव्हीई-२०२१-४१७७३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक). ते कुठल्या आवृत्तीत होतं? फक्त २.४.४९ मध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात ताज्या आवृत्तीत. तातडीनं २.४.५० आली, तिच्यातली दुरुस्ती अपुरी निघाली, मग २.४.५१ काढावी लागली. ज्यांनी अपग्रेड केलंच नव्हतं, त्यांना यातल्या कशाचीच झळ लागली नाही. हार्टब्लीडचंही तेच, ते ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं भोक. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल १.०.१ वाले धावपळ करून सर्टिफिकेटं बदलत होते, आणि ०.९.८ वर राहिलेल्यांना ते भोक लागूच नव्हतं.

नवीन कोडबरोबर नवीन चुका येतात. माझ्या देखरेखीखाली एक २.२ अजून चालू आहे. एका मोजणी यंत्राचे आकडे दाखवतो, आतल्या नेटवर्कवर. त्या यंत्राचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर उभंच राहत नाही. तिथे कुणी अपग्रेडचं नाव काढलं तर मी आडवा येईन.

टर्मिनलवासी

जुनाजाणता, उदाहरणं खरी आहेत, पण त्यांचा उरलेला भागही सांगायला हवा. ज्या २.४.४९ मध्ये ते भोक होतं, त्याच आवृत्तीनं मॉड-प्रॉक्सी या अपाचेच्या जोडभागातलं सीव्हीई-२०२१-४०४३८ बुजवलं होतं, आणि ते २.४.४८ व त्याआधीच्या आवृत्त्यांत होतं. म्हणजे जुन्यावर थांबलेलेही उघडेच होते, फक्त दुसऱ्या दारानं. आणि ज्यांना दुरुस्त्या मिळत होत्या त्यांचं २.४.४९ चं भोक काही दिवसांत बंद झालं.

आता २.२ कडे बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये 'ऑप्शन्सब्लीड' नावाचा दोष उघड झाला. एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (फोल्डरपुरते नियम लिहायच्या फाइलमध्ये) 'लिमिट' ची चुकीची ओळ असेल तर ऑप्शन्स (कुठल्या रीती चालतात हे विचारणाऱ्या) विनंतीला उत्तर देताना सर्व्हर स्वतःच्या मेमरीतले तुकडे बाहेर टाकायचा. हा २.२.३४ मध्येही होता, म्हणजे शाखेच्या शेवटच्या आवृत्तीत. त्यानंतर २.२ ची पुढची आवृत्ती आलीच नाही. ताज्या आवृत्तीत चूक निघाली तर दुरुस्तीची वाट बघता येते, बंद पडलेल्या शाखेत कुणाची वाट बघणार?

एक मात्र जुनाजाणतांच्या बाजूनं: नुसता आवृत्तीचा आकडा बघून घाबरू नये. रेड हॅट घराण्यात दुरुस्त्या मागे आणून लावतात, मूळ आकडा तोच ठेवतात. हार्टब्लीडची दुरुस्ती लागल्यानंतरही सेंटओएस ६ वर ओपनएसएसएल १.०.१ई असंच दिसायचं. बदलायचा तो पुढचा रिलीजचा आकडा. सेंटओएस ७ वर शेवटपर्यंत अपाचे २.४.६ दिसत होता, पण तो २०१३ चा मूळ २.४.६ राहिलेला नव्हता. सुरक्षा तपासणीची साधनं बॅनरवरचा आकडा वाचून लाल शेरे मारतात, त्यातले निम्मेशिम्मे असे फुकटचे असतात.

म्हणून धागाकर्त्यांनी आधी हे बघावं: मशीनवर शेवटचे पॅकेज अपडेट कधी लागलेत? आरपीएमला (पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनाला) एचटीटीपीडी, म्हणजे अपाचेच्या, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) विचारा आणि त्यात सीव्हीई शोधा. काकांनी २०२० पर्यंत अपडेट लावले असतील तर परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. नसतील तर आजच बॅकअप घ्या आणि तो मशीनच्या बाहेर ठेवा.

शाईचा_डाग

टर्मिनलवासी, बघितलं. चेंजलॉगची शेवटची नोंद २०१४ ची आहे. आता अपडेट लावून बघायला गेलो तर यम (अपडेट उतरवणारं साधन) मिररलिस्टच, म्हणजे अपडेटच्या सर्व्हरांची यादीच, सापडत नाही म्हणतंय.

रात्रपाळी

मुदत संपल्यावर सेंटओएस ६ मिररवरून काढून व्हॉल्टमध्ये (जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात) हलवलं. रेपोच्या फाइलमध्ये व्हॉल्टचा पत्ता घातलात तर २०२० पर्यंतचे अपडेट अजून मिळतील. तात्पुरतं तेवढं कराच. पण आधी संपूर्ण मशीनचा स्नॅपशॉट. इतकी वर्षं रीबूट न झालेलं मशीन रीबूटनंतर उठेलच याची खात्री कुणी देऊ नये.

टर्मिनलवासी

+१. अपटाइम (मशीन रीबूटशिवाय सलग किती चाललंय ते) किती आहे ते सांगा बरं. लोक मोठा अपटाइम कौतुकानं मिरवतात. त्याचा साधा अर्थ असा की तेवढा काळ नवीन कर्नल लागलेलं नाही.

शाईचा_डाग

चार आकडी. दिवसांत.

बिंदूगामी

चार आकडी!! हार घाला आणि सन्मानानं निवृत्त करा. :)

पानफुटी

मी म्हणते या सगळ्या भानगडीत पडूच नका. पुढे एक छोटं नवं मशीन उभं करा, त्यावर ताजा एनजिनएक्स (दुसरा वेबसर्व्हर) प्रॉक्सी म्हणून, म्हणजे विनंत्या मागे पोचवायला, आणि मागचा अपाचे आतल्या नेटवर्कवर ढकला. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) नवीन, एचटीटीपी/२ मिळेल, जुन्याला बाहेरून कुणी शिवणार नाही. एका संध्याकाळचं काम. आमच्याकडे असं एक जुनं ॲप्लिकेशन छान तगलं.

चौकीदार

पानफुटीताई, तात्पुरता उपाय म्हणून चांगला आहे, पण दोन ठिकाणी जपायला हवं.

पहिलं म्हणजे प्रॉक्सी विनंती जशीच्या तशी मागे पोचवते. पीएचपीच्या कोडमध्ये एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला आज्ञा घुसवता येण्याची फट) असेल तर ते एनजिनएक्सच्या आरपारही होणारच. अपाचेचं दार बंद झालं, ॲप्लिकेशनचं उघडंच राहिलं.

दुसरं जास्त फसवं आहे. जुन्या साइटवर ॲडमिनचा फोल्डर बहुतेक वेळा आयपीवरून राखलेला असतो: सगळ्यांना नकार, फक्त १२७.०.०.१ ला आणि कचेरीच्या पत्त्याला परवानगी. आता एनजिनएक्स त्याच मशीनवर बसवला, तर मागच्या अपाचेला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरून आलेला दिसतो. म्हणजे जगातल्या कुणालाही ॲडमिन उघडा! लॉगमध्येही सगळीकडे एकच पत्ता, त्यामुळे कोण येऊन गेलं तेही कळत नाही. २.४ मध्ये यासाठी मॉड-रिमोटआयपी सोबत येतं. २.२ मध्ये ते नाही, बाहेरचं मॉड-आरपीएएफ आणून बसवावं लागतं, आणि त्यातही फक्त आपल्या प्रॉक्सीनं पाठवलेल्या फॉरवर्डेड हेडरवरच (मूळ पाहुण्याचा पत्ता सांगणाऱ्या ओळीवरच) विश्वास ठेवायला सांगावं लागतं. नाहीतर कुणीही हवा तो पत्ता हेडरमध्ये लिहून आत येईल.

पानफुटी

चौकीदार, हा आयपीचा मुद्दा महत्त्वाचा. आमच्याकडे प्रॉक्सी वेगळ्या मशीनवर होती, त्यामुळे तो समोर आला नव्हता. धागाकर्ते, तुमच्या कॉन्फिगमध्ये 'अलाउ फ्रॉम' कुठेकुठे आहे ते आधी शोधा.

गवतफुला

थोडं अवांतर: आमच्याकडे हा अपाचे वेबसर्व्हर नाही, टॉमकॅट ८.५ (जावाच्या ॲप्लिकेशनांचा सर्व्हर) आहे. त्याची मुदत मार्च २०२४ ला संपली. थेट १० वर जावं का?

टर्मिनलवासी

गवतफुला, आधी ९ वर जा. १० मध्ये सगळी पॅकेजेस 'जावाएक्स' वरून 'जकार्ता' वर गेलीत, तुमचा जुना कोड तिथे जसाच्या तसा चालणार नाही. ९ मध्ये जुनी नावं कायम आहेत. आणि सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये ८००९ पोर्टचा एजेपी कनेक्टर (पुढच्या वेबसर्व्हरशी बोलायची जोडणी) उघडा आहे का ते बघा. २०२० चा घोस्टकॅट हल्ला तिथूनच घुसत होता. एजेपी वापरत नसाल तर ती ओळ बंद करा.

चौकीदार

मूळ विषयाकडे येतो. धागाकर्त्यांनी विचारलंय की नुसता अपाचे २.४ वर नेऊन भागेल का. २.२ ते २.४ या उडीत काय काय मोडतं ते अनुभवावरून लिहितो.

सगळ्यांना आधी भेटतं ते परवानगीचं प्रकरण. २.२ मध्ये 'ऑर्डर अलाउ, डिनाय' आणि 'अलाउ फ्रॉम ऑल' लिहायचो. २.४ मध्ये त्या जागी 'रिक्वायर ऑल ग्रांटेड'. जुनं कॉन्फिग तसंच उचलून ठेवलं तर एकतर सर्व्हर 'ऑर्डर' ही आज्ञाच ओळखत नाही म्हणून उठत नाही, नाहीतर उठतो आणि प्रत्येक पानाला ४०३ (परवानगी नाही) देतो. एरर लॉगमध्ये एएच०१६३० आणि पुढे 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' दिसलं की समजायचं. जुन्या ओळी चालू ठेवण्यासाठी मॉड-ॲक्सेस-कॉम्पॅट आहे, पण एकाच ठिकाणी जुन्या आणि नव्या ओळी मिसळू नका. निकाल काय लागेल ते वाचून सांगता येत नाही. एका बैठकीत सगळ्या नव्या पद्धतीनं लिहून काढा.

हे सगळं त्रासदायक आहे, पण आरडाओरडा करून मोडतं, म्हणून परवडतं. माझी खरी काळजी पुढच्या गोष्टीची आहे, कारण ती गुपचूप होते. २.२ मध्ये 'अलाउ-ओव्हरराइड' लिहिलंच नसेल तर 'ऑल' धरलं जायचं, म्हणजे फोल्डरमधल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइली वाचल्या जायच्या. २.४ मध्ये न लिहिल्यास 'नन' धरतात. मग एचटीअ‍ॅक्सेस फाइल जागेवर असते, तिच्यात पासवर्डाची अट असते, आणि सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. साइट अगदी सुरळीत दिसते. मी एका ठिकाणी पाहिलंय: स्थलांतर यशस्वी झालं म्हणून सगळे खूश, आणि अर्जांच्या स्कॅन प्रती ठेवलेला फोल्डर कुणालाही उघडत होता. एनजिनएक्सवर तर एचटीअ‍ॅक्सेस हा प्रकारच नाही, तिथेही हीच काळजी घ्यावी लागते.

म्हणून हलवण्याआधी फाइंड चालवून सगळ्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलींची यादी करा. प्रत्येकीत काय राखलंय ते लिहून ठेवा. नव्या मशीनवर पहिली तपासणी 'काय उघडतं' याची नको, 'जे उघडू नये ते उघडत नाही ना' याची हवी. लॉगिन न करता, घरच्या जोडणीवरून.

किरकोळ बदल बरेच आहेत: 'मॅक्सक्लायंट्स' चं नाव 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' झालं, 'नेमव्हर्च्युअलहोस्ट' ची गरज संपली, 'ऑप्शन्स' च्या ओळीत काही शब्दांना अधिक-उणे चिन्ह आणि काहींना नाही असं चालत नाही. हे कॉन्फिगटेस्ट सांगतं, त्यावर वेळ घालवत नाही.

रात्रपाळी

चौकीदार यांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला.

यात पीएचपीची भर. नव्या डिस्ट्रोवर पीएचपी अपाचेच्या पोटात न राहता एफपीएम म्हणून वेगळं चालतं. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये 'पीएचपी-व्हॅल्यू' किंवा 'पीएचपी-फ्लॅग' अशा ओळी असतील तर थेट ५०० (सर्व्हर एरर) मिळेल. त्या डॉट-यूझर-आयएनआय मध्ये हलवाव्या लागतात.

अनुस्वार

सगळे सर्व्हरबद्दल बोलताहेत, मी मजकुराबद्दल बोलते, कारण धागाकर्त्यांचा सगळा ऐवज मराठी आहे आणि खरा ठेवा तोच आहे.

मायएसक्यूएल ५.१ मध्ये काही न सांगता टेबल बनवलं की ते लॅटिन१ (रोमन अक्षरांची जुनी संकेतपद्धत) मध्ये बनायचं. जुन्या पीएचपीची जोडणीही लॅटिन१. साइट यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची संकेतपद्धत) मधून मराठी पाठवायची, डेटाबेस ते बाइट न समजता जसेच्या तसे ठेवायचा आणि जसेच्या तसे परत द्यायचा. दोघांनाही काही कळत नव्हतं, म्हणून सगळं नीट दिसत होतं. आता नेहमीसारखा मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) घ्या. तो आपणहून यूटीएफ-८ मध्ये लिहितो, म्हणजे आधीच यूटीएफ-८ असलेल्या बाइटांचं आणखी एकदा रूपांतर होतं. नव्या मशीनवर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि पाठोपाठ दोन चित्रविचित्र खुणा उमटतात. आम्ही एका दिवाळी अंकांच्या संग्रहाचं हे पाहिलंय, अख्खे लेख त्या खुणांनी भरलेले.

त्यावर उपाय आहे. डम्प घेताना डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट लॅटिन१ सांगायचा, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात. मग डम्पच्या फाइलमध्ये जिथे लॅटिन१ लिहिलंय तिथे यूटीएफ-८-एमबी-४ करायचं आणि नव्या डेटाबेसमध्ये भरायचं. पण हे आंधळेपणानं करू नका. काही टेबलं लॅटिन१ आणि काही खरोखर यूटीएफ-८ अशी सरमिसळ असते, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी बनवलेली. आधी एका लेखाचं शीर्षक घेऊन त्याचे बाइट हेक्समध्ये बघा. देवनागरी यूटीएफ-८ मध्ये असेल तर प्रत्येक अक्षर ई०ए४ किंवा ई०ए५ नं सुरू होतं. मग टेबलाचा जाहीर कॅरॅक्टर सेट बघा. दोन्ही जुळतात की नाही यावर पुढची रीत ठरते.

आणि तपासताना 'र्‍या', 'ऱ्ह', 'अ‍ॅ' असे शब्द असलेली पानं मुद्दाम उघडा. साध्या अक्षरांत सगळं बरोबर दिसतं आणि खोट नेमकी अशा ठिकाणी लपते.

शाईचा_डाग

अनुस्वारताई, मनापासून आभार. हेक्स काढून बघितलं: बाइट ई०ए४ नंच सुरू होताहेत आणि टेबल लॅटिन१ आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. सभासदांचं टेबल मात्र यूटीएफ-८ आहे, ते नंतर कुणीतरी जोडलेलं दिसतंय.

पीएचपीच्या कोडमध्ये सगळीकडे 'मायएसक्यूएल-क्वेरी' आहे. हे नव्यावर चालणार नाही ना?

रात्रपाळी

नाही. ते मायएसक्यूएल एक्स्टेंशन पीएचपी ७.० मध्ये काढून टाकलं, 'एरेग' वगैरेही त्याच वेळी गेलं. पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय (डेटाबेसशी बोलायच्या नव्या रीती) वापरून पुन्हा लिहावं लागेल.

त्याहून जपण्याची गोष्ट मॅजिक कोट्स. जुन्या पीएचपीत ते चालू असेल तर फॉर्ममधून आलेल्या अवतरणचिन्हांना आपोआप बॅकस्लॅश लागायचा, आणि कोड लिहिणारे त्या भरवशावर राहायचे. ५.४ मध्ये ते काढलं. फंक्शनांची नावं तेवढी बदलून कोड नव्या पीएचपीवर 'चालता' केलात तर जी जुजबी आडकाठी होती तीही जाईल. नावं बदलू नका, क्वेऱ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटनं (आज्ञा आणि बाहेरून आलेला मजकूर वेगळे ठेवून) नव्यानं लिहा.

बिंदूगामी

आणि पासवर्ड? ५.३ मध्ये 'पासवर्ड-हॅश' फंक्शन नव्हतं, ते ५.५ मध्ये आलं. बहुधा नुसता एमडी५ हा जुना, कच्चा हॅश असेल (हॅश म्हणजे पासवर्डाऐवजी साठवलेली, उलट न फिरवता येणारी खूण). सभासद पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा जुना हॅश जुळवून तिथल्या तिथे नवा करून ठेवायचा. जे बराच काळ येणारच नाहीत त्यांचे जुने हॅश पुसून 'पासवर्ड विसरलात?' च्या वाटेनं पाठवायचं.

शाईचा_डाग

एमडी५च आहे. सॉल्टशिवाय (प्रत्येक पासवर्डाला जोडायच्या वेगळ्या तुकड्याशिवाय). :(

जुनाजाणता

हे वाचून मी माझं म्हणणं जरा नीट मांडतो. माझ्या मोजणी यंत्रापाशी सभासद नाहीत, पासवर्ड नाहीत, बाहेरून कुणी येत नाही. तिथे २.२ ठेवण्यावर मी ठाम आहे. धागाकर्त्यांच्या मशीनवर लोकांची माहिती आहे आणि ते उघड्यावर आहे. तिथे मी तसं म्हणणार नाही. पण मग अपाचेच्या आकड्यावर एवढी चर्चा का? बिंदूगामी आणि रात्रपाळी सांगताहेत तो धोका कोडमधला आहे. नुसता अपाचे बदलला असता तर तो तसाच राहिला असता.

टर्मिनलवासी

जुनाजाणता, पूर्ण सहमत. आणि धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. सेंटओएस ६ वर सोर्समधून २.४ बांधता येईल, पण खाली ओपनएसएसएल १.०.१ई उरतं, म्हणजे टीएलएस १.३ नाही. शिवाय तो अपाचे यापुढे कायम हातानं बांधत बसायचं. नवीन मशीन, नवीन डिस्ट्रो, आणि त्यावर साइट नव्यानं मांडणं हेच कमी कष्टाचं. जागच्या जागी अपग्रेडच्या वाटेला जाऊ नका.

कार्यकारिणीला सांगायला एक गोष्ट: ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ आणि त्याआधीच्या मशीनांवरून बाहेर जाणाऱ्या कितीतरी जोडण्या एकाएकी तुटल्या. मशीनवर कुणी काही बदललं नव्हतं. 'हात लावला नाही तर मोडणार नाही' हे इंटरनेटला जोडलेल्या मशीनला लागू होत नाही.

मधली_ओळ

इतके प्रतिसाद वाचले, एक साधी शंका. जुने अंक बदलतात का? नवीन लेख त्यात येतात का? येत नसतील तर त्यांना पीएचपी आणि डेटाबेस कशाला हवा? डब्ल्यूगेटनं सगळी पानं एकदा उतरवून साध्या एचटीएमएल फाइली करून ठेवा. त्या पुढची कित्येक वर्षं कुठल्याही सर्व्हरवर चालतील. मग पुन्हा लिहायचं उरतं फक्त लॉगिन आणि फॉर्म.

शाईचा_डाग

मधली_ओळ, नाही बदलत! वर्षानुवर्षं एकही लेख बदललेला नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण लोकांनी जुने पत्ते ठिकठिकाणी दिलेत, 'लेख डॉट पीएचपी' आणि पुढे प्रश्नचिन्ह, आयडी, क्रमांक असे. ते तुटले तर वाईट होईल.

चौकीदार

ते जपता येतात. प्रश्नचिन्हापुढचा भाग नुसत्या रीराइट-रूलला दिसत नाही, क्वेरी-स्ट्रिंगवर रीराइट-कंडिशन लावायची आणि क्रमांक ते फाइल अशी यादी रीराइट-मॅपला द्यायची. ती यादी डेटाबेसमधूनच काढता येईल. ३०१ नं (पत्ता कायमचा बदलला, या उत्तरानं) नव्या पत्त्यावर पाठवा, शोधयंत्रंही हळूहळू तेच धरतील.

तपासणीसाठी जुना ॲक्सेस लॉग सोन्यासारखा आहे. त्यातले गेट विनंत्यांचे, २०० (सगळं ठीक) मिळालेले सगळे पत्ते काढा, एकसारखे गाळा, आणि कर्लनं नव्या मशीनवर एकेक मागून बघा. जिथे ४०४ किंवा ५०० येईल ती तुमची कामाची यादी. पोस्ट मात्र पुन्हा पाठवू नका, आणि ॲडमिनमध्ये 'काढून टाका' साधी लिंक असेल तर तेही पत्ते वगळा.

पानफुटी

आणि नव्या मशीनवर एसईलिनक्स (प्रोग्रॅमांना मर्यादा घालणारी यंत्रणा) चालू असेल. अपलोड अडकलं की लोक पहिल्यांदा तेच बंद करतात. तसं करू नका, ऑडिट लॉग वाचा, फोल्डरला लिहिण्याचं लेबल लावलं की काम होतं. तसंच सिस्टमडीच्या प्रायव्हेट-टीएमपीमुळे (अपाचेला स्वतःचा वेगळा टीएमपी मिळतो) अपाचेनं टीएमपीत ठेवलेली फाइल क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टला दिसत नाही. फॉर्म असं काही करत असेल तर जागा बदला.

शाईचा_डाग

मंडळी, बैठक झाली. बॅकअप बाहेर ठेवलाय आणि व्हॉल्टमधून मिळाले तेवढे अपडेट लावून मशीन रीबूट केलं. उठलं. लॉगिन मी तात्पुरतं बंद केलंय आणि पानावर तशी सूचना लावली आहे. उघड्यावर ठेवण्यापेक्षा सभासदांनी थोडं थांबलेलं बरं, हे कार्यकारिणीनं लगेच मान्य केलं.

ठरलं ते असं: अल्मालिनक्स ९ चं नवीन मशीन, त्याला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. अंक साध्या एचटीएमएलमध्ये. लॉगिन नव्यानं लिहायचं. फॉर्मचं विचारलं तेव्हा कळलं की त्याची मेल ज्या पत्त्यावर जाते तो पत्ताच आता कुणी वाचत नाही, तेव्हा फॉर्म काढून साधा मेलचा पत्ता देणार आहोत. एचटीअ‍ॅक्सेसची यादी केली. चौकीदार, तुम्ही म्हणालात तसा हिशोबाच्या पीडीएफचा एक फोल्डर फक्त त्या फाइलीच्या आधारावर राखलेला निघाला. तो आता वेबरूटच्या बाहेर काढतोय.

जुनाजाणता

चांगलं केलंत. जुनं मशीन लगेच पुसू नका. नेटवर्कवरून काढा, डिस्कची प्रत ठेवा. एखादी क्रॉनची स्क्रिप्ट महिन्याअखेरीलाच चालत असते आणि ती नाही हे तेव्हाच कळतं. क्रॉनटॅब फक्त रूटची बघू नका, अपाचे वापरकर्त्याचीही बघा.

रात्रपाळी

आणि डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतर मशीनं किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) आधीच कमी करून ठेवा. आत्ता एक दिवसाचा असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे काही अडलं तर पाच मिनिटांत मागे फिरता येईल. तोवर स्वतःच्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता घालून खऱ्या नावानं साइट तपासा.

शाईचा_डाग

टीटीएल केला. क्रॉनटॅब बघतो, अपाचे वापरकर्त्याची खरंच राहिली होती. कर्लची फेरी आज रात्री लावतोय, ४०४ आलेले पत्ते उद्या इथेच टाकतो.

अनुस्वार

पत्ते टाका, आणि त्या एचटीएमएलमधली दोन-तीन पानंही दाखवा. 'र्‍या' असलेली.